चौदा व्होल्ट निघतात, तेरा पोहोचतात

आमची गाडी दहा वर्षांहून जुनी, पेट्रोलवर चालणारी आणि लहान आहे. मी कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात काम करतो आणि कामावर कंपनीच्या बसने जातो, त्यामुळे गाडी चालते ती बहुधा घरच्या कामांसाठी, म्हणजे फुलेवाडीहून रंकाळ्याच्या कडेने महाद्वार रोडपर्यंत, कधी राजारामपुरीत, तर कधी लक्ष्मीपुरीच्या बाजारात. गेल्या पावसाळ्यात तिची बॅटरी पुन्हा पुन्हा उतरू लागली. सकाळी किल्ली फिरवली की सेल्फ जड फिरायचा, कधी नुसता ‘कट’ असा आवाज करून थांबायचा, आणि रात्री पावसात हेडलाइट, वायपर व ब्लोअर एकदम चालू असले की सिग्नलला उभे असताना दिव्यांचा उजेड सहज लक्षात येण्याइतका उतरायचा. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मात्र या सगळ्या काळात एकदाही लागला नाही.

बॅटरी फार जुनी नव्हती. जिथून ती घेतली होती त्या दुकानात गाडी नेली, तेव्हा त्यांनी इंजिन चालू ठेवून बॅटरीला मीटर लावला, १३.९ व्होल्ट दाखवले, चार्जिंग व्यवस्थित असल्याचे सांगितले आणि नव्या बॅटरीचा भाव काढला. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये बॅटरीला काही झालेले नाही, डायनामो (म्हणजे अल्टरनेटर, इंजिनच्या जोरावर वीज तयार करून बॅटरी भरणारा भाग) गेला आहे, तो बदलून घ्या, असे निदान झाले. एका ठिकाणी चार्जिंग चांगले आणि बॅटरी वाईट, तर दुसऱ्या ठिकाणी बॅटरी चांगली आणि चार्जिंग वाईट. दोन्ही मते एकाच वेळी खरी असणे शक्य नव्हते, पण दोन्ही खोटी असणे शक्य होते. त्यामुळे काहीही विकत घेण्याआधी सगळे आकडे स्वतः मोजायचे असे मी ठरवले.

सुरुवात विश्रांतीतल्या व्होल्टेजपासून केली. बारा व्होल्टची म्हणून ओळखली जाणारी शिसे-आम्ल बॅटरी सहा सेलची असते आणि पूर्ण भरलेला प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी कोणताही भार नसताना १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, आणि आकडा १२ च्या आसपास आला की जेमतेम पाव भाग उरलेला असतो. भरलेली आणि रिकामी यांच्यात इतके थोडे अंतर असल्यामुळे दशांशचिन्हानंतरचा प्रत्येक अंक महत्त्वाचा ठरतो. मीटर डिजिटल हवा आणि त्याची स्वतःची बॅटरीही ताजी हवी, कारण ती उतरली की बरेच मीटर आकडा वाढवून दाखवतात. गाडी नुकतीच बंद केली असेल, तर प्लेटांच्या पृष्ठभागावर साचलेला वरवरचा चार्ज खोटा आधार देतो, म्हणून रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी सेल्फ मारण्याआधी मोजणे बरे. आमच्या गाडीचा सकाळचा आकडा १२.१४ आला, म्हणजे बॅटरी निम्म्याहून खाली होती.

पण यावरून बॅटरी खराब आहे असे म्हणता येत नाही, ती भरलेली नाही एवढेच कळते. मी ती सोडवून घरात आणली. टर्मिनल सोडताना आधी निगेटिव्ह आणि जोडताना निगेटिव्ह सर्वात शेवटी हा क्रम पाळावा लागतो, कारण पॉझिटिव्ह सोडताना पाना चुकून बॉडीला टेकला, तरी निगेटिव्ह सुटलेला असल्यास शॉर्ट होत नाही. आमची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे, म्हणजे ढोबळमानाने एक अँपिअरचा प्रवाह ३५ तास देऊ शकेल एवढ्या क्षमतेची. अशा बॅटरीला क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे साडेतीन अँपिअरने, सावकाश चार्ज करणे तिच्या प्रकृतीला मानवते. चार्जिंगच्या शेवटी शेवटी हायड्रोजन सुटतो, म्हणून गॅलरीचे दार उघडे ठेवले आणि देवघरापासून ती लांब मांडली. पूर्ण भरून रात्रभर ठेवल्यावर १२.६८ व्होल्ट आले, आणि काहीही न जोडता काही दिवस ठेवल्यावरही आकडा १२.६ च्या वरच राहिला. एखादा सेल गेला असता तर व्होल्टेज एवढे टिकले नसते. गाडीत परत बसवून मुलाला सेल्फ मारायला सांगितले, तेव्हा मीटर १०.५ पर्यंत उतरला आणि इंजिन चटकन लागले. सेल्फ फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये असा सर्वसाधारण दंडक आहे. त्यामुळे बॅटरीवरचा ठपका मी तिथेच काढून टाकला.

त्यानंतरचा संशय गाडी बंद असताना होणाऱ्या गळतीवर होता. यासाठी निगेटिव्ह टर्मिनल सोडवून मीटर त्या वाटेत मालिकेत, म्हणजे वायर आणि बॅटरी यांच्या मध्ये, दहा अँपिअरच्या खाचेत प्रोब (मीटरची टोकदार वायर) घालून जोडावा लागतो, आणि अशा वेळी चुकूनही किल्ली फिरवायची नसते, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. दरवाजाचे कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बंद केले, म्हणजे दार उघडे असूनही गाडीला ते लागल्याचे वाटते आणि आतले दिवे विझतात. सुरुवातीचा आकडा पाहून कोणीही दचकेल, कारण गाडीतले कंट्रोल युनिट लगेच झोपत नाहीत आणि तोपर्यंत दीड-दोन अँपिअर सहज जातात. अर्धा-पाऊण तास काहीही न हलवता वाट पाहावी लागते. आमच्या गाडीत आकडा शेवटी २८ मिलिअँपिअरवर स्थिरावला. घड्याळ, अलार्म आणि कंट्रोल युनिटची स्मृती मिळून ५० मिलिअँपिअरपर्यंतची गळती सामान्य मानली जाते.

इथे थोडा हिशेब मांडला, आणि माझ्या मते सगळ्या तपासात हाच भाग सर्वात उपयोगी ठरला. २८ मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला सुमारे ०.६७ अँपिअर-तास. या वेगाने ३५ अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्यावर यायला गाडी तीन आठवड्यांहून अधिक काळ जागची न हलवता ठेवावी लागेल. आता सेल्फचे पाहू. लहान पेट्रोल इंजिन सुरू होताना सुमारे १५० अँपिअर दोन सेकंद घेतले असे धरले, तर ते ३०० अँपिअर-सेकंद, म्हणजे फक्त ०.०८३ अँपिअर-तास होतात. अल्टरनेटरने बॅटरीला पाच अँपिअर दिले, तरी एवढी तूट एका मिनिटात भरून निघायला हवी. ‘गाडी जवळच्या जवळ फिरवता, म्हणून बॅटरी उतरते’ हे वाक्य मला दोन्ही ठिकाणी ऐकायला मिळाले होते, आणि ते अगदीच निराधार नाही, कारण निम्मी उतरलेली बॅटरी छोट्या फेऱ्यांत पूर्ण भरत नाही. पण भरलेली बॅटरी त्यामुळे निम्म्यावर का यावी, याचे उत्तर त्यात नाही. खर्च एवढा किरकोळ असूनही खाते रिकामे होत होते, म्हणजे जमाच होत नव्हती.

मग इंजिन चालू ठेवून मोजले. दिवे बंद, ब्लोअर बंद, इंजिन थोड्या चढ्या आरपीएमवर असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट आले, म्हणजे दुकानात दाखवला होता तोच आकडा. त्यानंतर हेडलाइट, पूर्ण वेगाने ब्लोअर आणि वायपर चालू केले. आकडा १३ वर आला, आणि इंजिन आयडलिंगला सोडल्यावर १२.७ पर्यंत गेला. बॅटरी वाजवी वेळात भरायची असेल, तर तिच्या टर्मिनलवर १४ च्या आसपास व्होल्टेज मिळावे लागते. १३.८ ते १४.५ ही बहुतेक जुन्या गाड्यांची अपेक्षित मर्यादा आहे. त्याच्या वर सतत १५ येऊ लागले, तर बॅटरी उकळते, पाणी कमी होते आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. १३ व्होल्टवर बॅटरीत जाणारा प्रवाह मात्र नाममात्र असतो. आमची गाडी पावसाळ्यात बहुतेक वेळ याच अवस्थेत चालत होती. दुकानातला आकडा खोटा नव्हता, पण तो भार नसतानाचा होता.

डायोडची शंका उरली होती. अल्टरनेटरमध्ये निर्माण होणारी वीज एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी असते आणि डायोड प्लेट तिचे डीसीमध्ये, म्हणजे एकाच दिशेच्या विजेत, रूपांतर करते. एखादा डायोड गेला की डीसीवर एसीची लहर उरते आणि अल्टरनेटरची ताकद घटते. मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर मोजले असता ही लहर अर्ध्या व्होल्टच्या बरीच खाली असावी लागते. शेजाऱ्यांचा स्वस्त मीटर लावला तर त्याने जवळपास ३० व्होल्ट दाखवले! काही स्वस्त मीटर एसीच्या पट्टीवर डीसीलाही मोजतात आणि दुपटीच्या आसपास आकडा देतात. प्रोब उलट केल्यावर तोच मीटर शून्य दाखवू लागला, यावरून त्याचा हा गुण उघड झाला. कारखान्यातल्या चांगल्या मीटरवर लहर ०.०४ व्होल्ट निघाली, म्हणजे डायोड शाबूत होते.

मधल्या काळात त्या गॅरेजमध्ये घडलेला एक प्रकार नोंदवायला हवा. डायनामो चालतो की नाही हे पाहण्यासाठी तिथल्या कारागिराने चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल सोडवायला पाना उचलला होता, आणि मी त्याचा हात धरून त्याला थांबवले. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ही रीत खपून जात असे. अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरी अचानक तुटली, तर त्या क्षणी व्होल्टेज कित्येक दहा व्होल्टपर्यंत उसळू शकते आणि इंजिनचा कंट्रोल युनिट, म्युझिक सिस्टिम किंवा अल्टरनेटरचेच डायोड त्यात जळू शकतात. शंभर रुपयांची चाचणी करताना हजारोंचा भाग घालवण्याची ही खात्रीची पद्धत आहे, आणि ती अजून चालू आहे याचे मला नवल वाटते.

अल्टरनेटर इंजिनच्या मागच्या बाजूला खाली असल्यामुळे घरी तिथपर्यंत प्रोब नेणे अवघड होते. म्हणून गाडी शिवाजी उद्यमनगरात नेली. लेथ, फाउंड्री, मोटर वाइंडिंग आणि ऑटो इलेक्ट्रिशियन यांची इतकी दाट वस्ती असलेला भाग शहरात दुसरा नाही, आणि एका दुकानात नसलेला नट किंवा लग (वायरच्या टोकाला बसणारी धातूची कडी) चार पावलांवरच्या दुसऱ्या दुकानात मिळतो. तिथले एक वयस्कर इलेक्ट्रिशियन, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी बोनेट उघडण्याआधी विचारले, “साहेब, गाडी पुरात हुती काय?” २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर कोल्हापुरात हा प्रश्न रास्तच आहे, कारण पाण्यात बसलेल्या गाडीचे अर्थिंगचे जोड आणि कनेक्टर आतून गंजतात आणि त्रास पुढे कधीतरी देतात. आमची गाडी पाण्यात नव्हती. माझे आकडे ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “आधी व्होल्टेज निघतंय का बघू, मग वाटेत कुठं मरतंय ते बघू.”

सगळे भार चालू ठेवून, इंजिन सुमारे २००० आरपीएमवर असताना अल्टरनेटरचा आउटपुट स्टड (वीज बाहेर नेणारी वायर जोडायचा बोल्ट) आणि त्याचीच बॉडी यांच्यामध्ये १४.१ व्होल्ट आले. अल्टरनेटर आपले काम नीट करत होता. बॅटरीचा लाल दिवा का लागत नव्हता याचाही उलगडा झाला, कारण तो दिवा अल्टरनेटर वीज तयार करतो की नाही एवढेच सांगतो, ती बॅटरीपर्यंत पोहोचली की नाही हे त्याला कळत नाही. या गाडीतला व्होल्टेज ठरावीक ठेवणारा रेग्युलेटरही अल्टरनेटरच्या आतलेच व्होल्टेज पाहतो, त्यामुळे बाहेर वाटेत किती घट झाली याची दखल घेऊन तो आउटपुट वाढवत नाही.

यानंतर एक प्रोब अल्टरनेटरच्या स्टडवर आणि दुसरा बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टवर लावला. वायरच्या क्लॅम्पवर नव्हे, थेट बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर (खुंटीवर), म्हणजे क्लॅम्प आणि पोस्ट यांच्यातली घटही मोजली जाते. एरवी एकाच वायरच्या दोन टोकांत काही व्होल्टेज दिसू नये असे वाटते, आणि ०.२ ते ०.३ पर्यंत चालतेही. इथे पूर्ण १ व्होल्ट दिसला. निगेटिव्ह बाजूला, अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा निगेटिव्ह पोस्ट यांच्यात, ०.१ आला. १३ अधिक १ अधिक ०.१ म्हणजे बरोबर १४.१, हिशेब पैशाला पैसा जुळला.

ही चाचणी प्रवाह वाहत असतानाच करावी लागते. गाडी बंद ठेवून त्याच वायरचा रेझिस्टन्स ओहमच्या पट्टीवर मोजला असता, तर काहीच हाती लागले नसते, कारण मीटरच्या स्वतःच्या लीडचाच रेझिस्टन्स ०.२ ओहमच्या आसपास असतो आणि आमच्या गाडीतला दोष त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका होता. वाट तुटलेली नाही एवढेच सांगणारा मीटरचा कंटिन्युटीचा ‘पीप’ तर अशा जोडावर आनंदाने वाजतो.

अण्णांनी मग वाट तुकड्यातुकड्यांनी मोजली. स्टडपासून लगपर्यंत ०.०१, लगपासून वायरच्या दुसऱ्या टोकापर्यंत ०.०६, आणि ती वायर बॅटरीजवळच्या मुख्य फ्यूजवर जिथे नटाने आवळलेली होती त्या एका जोडावर ०.८२. उरलेली किरकोळ घट फ्यूज आणि क्लॅम्प यांच्यात वाटली गेली होती. वायरभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या डीसी क्लॅम्प मीटरवर वायरमधून ३८ अँपिअर जात होते. ३८ गुणिले ०.८२ म्हणजे सुमारे ३१ वॉट, म्हणजे एक लहान सोल्डरिंग आयर्न त्या जोडात रात्रंदिवस नाही तरी प्रत्येक फेरीत पेटलेला होता. झाकण काढल्यावर नटाभोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी पडून वाकलेले दिसले, नटाखाली स्प्रिंग वॉशर नव्हता, आणि लगवर पांढरट-हिरवी पूड चढलेली होती. जोड ढिला असला की तापतो, तापला की पृष्ठभाग ऑक्सिडाइझ होतो, त्याने रेझिस्टन्स आणखी वाढतो आणि जोड आणखी तापतो.

भार नसताना हा दोष लपून का राहतो हेही याच आकड्यांत आहे. दिवे-ब्लोअर बंद असताना त्या वायरमधून सुमारे १२ अँपिअर जात होते, त्यामुळे वाटेतली एकूण घट ०.३ च्या आसपासच राहत होती आणि बॅटरीवर १३.९ दिसत होते. प्रवाह तिप्पट झाला की घटही तिप्पट होते.

मी आधी नुसता जोड घासून आवळून घ्यावा असे सुचवले. “घासून लावतो की, पण चार म्हैन्यानं परत याल,” असे म्हणत अण्णांनी तापून काळवंडलेला लग कापून टाकला. निगेटिव्ह टर्मिनल सोडवल्याशिवाय या वायरला हात लावता येत नाही, कारण अल्टरनेटरचा तो स्टड गाडी बंद असतानाही थेट बॅटरीशी जोडलेला असतो. शेजारच्या दुकानातून आणलेला जाड तांब्याचा लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून बसवला, त्यावर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवली, आणि मुख्य फ्यूज जळालेला नसतानाही त्याची पट्टी तापून मऊ झाली असल्यामुळे तो नवा टाकला. बॅटरीच्या पोस्टवरची पूड खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, पोस्ट आणि क्लॅम्प पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासले, स्प्रिंग वॉशरसह नट आवळला, आणि सगळे आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन लावले. व्हॅसलीन आधी लावून मग आवळण्याची पद्धतही पाहायला मिळते, पण धातूला धातू भिडल्यावर वरून लेप देणे मला अधिक पटते. सगळा खर्च अल्टरनेटरच्या किमतीपुढे नगण्य होता.

त्याच भारांवर पुन्हा मोजले. अल्टरनेटरवर १४.१, पॉझिटिव्ह वाटेतली घट ०.१५, निगेटिव्ह वाटेतली पूर्वीइतकीच ०.१, आणि बॅटरीवर १३.८५. हेडलाइटच्या उजेडातला फरक दुपारच्या उन्हातही भिंतीवर दिसत होता.

दुरुस्तीनंतर बॅटरी पुन्हा घरी काढून चार्जरवर लावली, कारण निम्मी उतरलेली बॅटरी पूर्ण भरायला कित्येक तास लागतात आणि फुलेवाडी ते महाद्वार रोड एवढ्या अंतरात अल्टरनेटरला ते साधत नाही. बराच काळ अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिल्यामुळे तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर थोडाफार बसला असणार. सकाळचा आकडा आता १२.५८ च्या आसपास राहतो, १२.६८ पर्यंत जात नाही. आयडलिंगला सर्व भार चालू असताना रेडिएटरचा पंखाही सुरू झाला, तर बॅटरीवर १३.३ दिसतात. त्यात दोष नाही. आयडलिंगला अल्टरनेटर आपल्या कमाल क्षमतेच्या बऱ्याच खाली काम करतो, आणि थोडा ॲक्सिलरेटर दिला की आकडा वर जातो. इंजिन तापल्यावर रेग्युलेटर व्होल्टेज थोडे उतरवतो, तेही मुद्दामच, कारण गरम बॅटरीला कमी व्होल्टेज पुरते.

हे सगळे पाहून आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी आपल्या नव्या गाडीला मीटर लावला आणि चालू इंजिनवर १२.८ पाहून ते घाबरले. त्यांच्या गाडीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सरची एक छोटी डबी आहे. अशा गाड्यांत अल्टरनेटरचे व्होल्टेज इंजिनचा कंट्रोल युनिट ठरवतो. बॅटरी भरलेली असेल तर इंधन वाचवण्यासाठी तो ते खाली ठेवतो, ॲक्सिलरेटर सोडल्यावर वर नेतो, आणि जुन्या गाड्यांचा १३.८ ते १४.५ हा निकष तिथे जसाच्या तसा लागू होत नाही. चार्जर लावायचा झाला तर अशा गाडीत काळी क्लिप बॅटरीच्या पोस्टवर न लावता बॉडीवर लावायची, म्हणजे सेन्सरला आत गेलेल्या चार्जची नोंद घेता येते. त्यांना हेडलाइट आणि ब्लोअर चालू करायला सांगितले, तेव्हा आकडा १४.२ वर गेला आणि तिथेच टिकला, त्यामुळे त्यांच्या गाडीचा एकही नट आम्ही सोडवला नाही.